गाडीचं पाणी बदललं तो रविवार

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचं पाणी बदललं. रविवार होता. सोमवारी तिला पुण्याला शेक घ्यायला न्यायचं होतं आणि गाडी वाटेत तापता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेक म्हणजे कॅन्सरच्या मशीनचा. तिला पिशवीचा कॅन्सर झाला होता. डॉक्टर म्हणाला होता, एकाआड एक दिवस आणा, खाडा करू नका.

मी बॉनेट उघडून वरनं पाणी ओतत होतो. ती खाली रेडिएटरच्या तोटीजवळ पाट टाकून बसली होती. हातात चहाची पांढरी बशी. तोटीतनं पडणारं पाणी बशीत धरायचं, बशी उन्हाकडं तिरकी करायची आणि कसं आहे ते मला सांगायचं. माझी नजर तेव्हाच कमी झाली होती. लांबचा रस्ता दिसायचा, जवळचं पाणी दिसायचं नाही. म्हणून हे काम तिच्याकडं.

"लाल हाय," ती म्हणाली.

"किती लाल?"

"इटंच्या पान्यावानी."

मी बादली ओतली. इंजिन जरा वेळ चालू केलं, बंद केलं, परत तोटी सोडली.

"आता?"

"च्या झालाय. आपल्या घरचा न्हाई, हाटेलातला."

"तवंग हाय का?"

"हाय. जरासा. कडंला चमकतंय."

"मग अजून एक बादली."

"वता. माझं काय जातंय, मी बसलेलीच हाय."

अशा बऱ्याच बादल्या झाल्या. शेवटी तिनं बशी डोळ्यांजवळ नेली, वास घेतला, बोट बुडवून अंगठ्यावर चोळून बघितलं. मग म्हणाली, "झालं. आता तुमच्या सायबाला पाजलं तरी चालंल." तोटी तिनंच बंद केली. मी पावसाचं पाणी फडक्यातनं गाळून भरायला लागलो. ती मडगार्डला धरून उठली, बशी विसळली आणि घरात गेली. मी झाकण बसवत होतो.

आता हे पाणी का बदलायचं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की पाणीच ते, कमी झालं की भरायचं, त्यात बदलायचं काय. मीही असंच समजायचो. बासष्ट साली मी गावाकडनं पिंपरीला आलो तेव्हा तिकडं कारखाने बांधायचं चाललं होतं. मी खडी-वाळूचा ट्रक चालवायचो. ज्या विहिरीजवळ ट्रक उभा राहील त्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये. ओढा दिसला तर ओढ्याचं. मग एक दिवस ट्रकनं उकळी मारली. मुकादमानं रेडिएटर उतरवून माझ्यासमोर ठेवला. आतल्या नळ्यांत चुन्यासारखा थर बसला होता. काडी जाईना.

घरी येऊन मी हे तिला सांगितलं. आमचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाडीतलं काही मी तिला तोपर्यंत सांगितलं नव्हतं. बाईमाणसाला काय कळणार, असं. ती म्हणाली, "आपल्या बंबात बसतोय तसाच थर का?" मी म्हटलं, व्हय, तसाच. "मग बंब मी चिंचंनं घासते. तुमी ट्रक कशानं घासता?"

कशानंच घासत नव्हतो. ती म्हणाली तेच खरं होतं. विहिरीच्या पाण्यात खार असतो. पाणी तापलं की खार लोखंडाला चिकटतो. थर बसला की इंजिनाची ऊब पाण्याला लागत नाही, इंजिन आतल्या आत भाजतं. आणि खार नसलेलं पाणी असलं तरी ते लोखंड खातंच, थोडं थोडं. लाल होतं ते लोखंडच असतं. म्हणून पाणी लाल दिसलं की काढायचं. लाल दिसायची वाट न बघता पावसाळा संपला की एकदा आणि उन्हाळा लागायच्या आत एकदा काढायचं. इंजिन गार असताना झाकण उघडायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, ब्लॉक तडकतो. धुण्याचा सोडा घालून इंजिन चालवायचं, मळ सुटतो. मग साध्या पाण्यानं धुवायचं, अगदी स्वच्छ येईपर्यंत. मग गाळलेलं पाणी. हल्ली दुकानात हिरवं-निळं कूलंट डब्यात मिळतं. ते चांगलं असतं म्हणतात. पण तेही जन्मभर पुरत नाही. त्यातलं गंज धरू न देणारं औषध काही वर्षांनी मरतं आणि रंग मात्र तसाच राहतो. रंगावर जाऊ नका.

पुढं मला एका कंपनीत साहेबाच्या गाडीवर घेतलं. गाडी नवी होती. आम्ही तेव्हा चिंचवडला कामगारांच्या चाळीत राहायचो. सकाळी साहेबाला आणायला जायच्या आधी मी गाडी चाळीसमोर आणून पुसायचो. ती बादली आणून द्यायची, पण गाडीला हात लावायची नाही. कंपनीचा नियम होता, ड्रायव्हरच्या घरच्यांनी गाडीत बसायचं नाही. मी नियम पाळला. चाळीतले म्हणायचे, "एक चक्कर मार की वैनीला घेऊन, कोन बघतंय?" कुणी बघत नव्हतं. पण तीच म्हणायची, "नको. नोकरी जाईल, मग त्याच गाडीखाली झोपावं लागंल."

मी निवृत्त झालो तेव्हा गाडीही म्हातारी झाली होती. कंपनीनं ती काढली, मी घेतली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. चाकणजवळ तिच्या माहेरच्या गावात जागा होती, तिथं दोन खोल्या बांधून राहायला गेलो. अंगणात पत्र्याखाली गाडी. तिला म्हटलं, आता बस, कुठं जायचं ते सांग. ती म्हणाली, कांदे काढून झाले की जाऊ. मग म्हणाली, भावाच्या घरचं कार्य होऊ दे. मग तिच्या अंगावरनं जायला लागलं. तिनं ते मला सांगितलंच नाही. वहिनीला सांगितलं, वहिनीनं भावाला, भावानं मला. तोवर बरेच महिने गेले होते.

म्हणजे एवढी वर्षं मी चालवलेल्या गाडीत ती पहिल्यांदा बसली ती दवाखान्यात जायला. मी पुढचं दार उघडलं. ती मागं गेली आणि डाव्या बाजूला बसली.

"अगं, फुडं बस की. मागं धक्के बसत्यात."

"सायेब कुठं बसायचा?"

"तिथंच. मागं डावीकडं."

"मग मी बी हितंच बसनार. चला डायव्हर, हळू घ्या."

पुढं दर वेळी असंच. मोशीचा उतार आला की "डायव्हर, गेर बदला," भोसरीत गर्दी लागली की "डायव्हर, हारन वाजवू नका, मला झोप लागलीय." झोप कसली, दुखायचं तिला. मी आरशात बघायचो. दुखलं की ती पदराचं टोक तोंडात धरायची.

एसटीनं नेणं जमत नव्हतं. तिला उभं राहवत नव्हतं, बसूनही फार वेळ निघत नव्हता, आणि शेक घेऊन आल्यावर तर अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखी व्हायची. आमच्या गावापासून पुण्याच्या दवाखान्यापर्यंत ही गाडीच. तिथं मशीन एकच. सगळ्या जिल्ह्यातले पेशंट. तुमचा नंबर यायच्या वेळी तुम्ही नसाल तर सिस्टर थोडी वाट बघायची आणि पुढच्याला बोलवायची. बाहेरच्या बाकावर नंबर नसलेले लोकही येऊन बसायचे, कुणी चुकलं तर आपलं होईल म्हणून. ते आमच्याकडं बघायचे. दुसऱ्याचा नंबर चुकावा म्हणून बसलेली माणसं. त्यांना बोल लावायचा नाही. मीही तसाच बसलो असतो.

गाडी जुनी. तापायला लागली होती. चढाला उष्णतेचा काटा वर जायचा आणि माझा जीवही. पाणी मी बदललं होतं, सोडाही घातला होता, तरी काटा पुरता खाली येत नव्हता. तेव्हा शेजारच्यानं मला उपाय सांगितला.

आमच्या शेजारी एक लेथवाला राहायचा. भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथ मशीनवर होता. चाळिशीचा, बोलका, मदतीला पुढं. लेथवर लोखंड कापताना त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात. साध्या पाण्यात एक तेल मिसळलं की ते तसं पांढरं होतं. तो म्हणाला, "काका, आमचं लोखंड दिवसभर त्या पान्यात आंघोळ करतं. गरम होत न्हाई, गंजत बी न्हाई. तुमचं इंजिन म्हंजी तरी काय? लोखंडच की. तेच तेल घाला."

"गाडीत कुणी घालतं का तसलं?"

"घालत्यात की. आमचा सुपरवायझर घालतोय त्याच्या मोटारसायकलीत."

"मोटारसायकलीला रेडिएटर असतो व्हय रं?"

"न्हाई म्हंजी... त्याच्या मेव्हण्याच्या जीपमदी."

ती ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "त्याचा मेव्हणा त्या जीपमदीच बसून गेला का काय वर?" लेथवालाही हसला. पण दुसऱ्या दिवशी बाटली भरून तेल घेऊन आला. मी ऐकलं. लोखंड गंजू न देणारं तेल म्हटल्यावर ऐकण्यासारखंच होतं, आणि तो पोरगा वाईट नव्हता. किती घालायचं ते त्यालाही माहीत नव्हतं, मलाही. लेथवर घालतात तेवढं घातलं. रेडिएटरमधलं पाणी दूध झालं.

सुरुवातीला बरं चाललं. काटा मध्ये राहायला लागला. मी लेथवाल्याला दोनदा चहा पाजला. ती म्हणायची, "तुमची गाडी दूध प्याली, आता भरते का बघा अंगानं."

मग तो बुधवार आला. आम्ही वेळेत निघालो होतो. मोशीचा पूल ओलांडून चढाला लागलो आणि बॉनेटखालनं फट्ट असा आवाज आला. काच पांढरी. वाफ. मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर वरचा रबरी पाइप फुगून फाटला होता. नुसता फाटला नव्हता, मऊ पडला होता. बोटानं दाबला तर शिळ्या भाकरीसारखा तुकडा निघाला. सगळीकडं पांढरा फेस.

ती आतनं म्हणाली, "काय झालं?"

"पाइप गेला."

"किती येळ लागंल?"

मी फाटका भाग चाचपून बघत होतो.

"अवं, किती येळ?"

"लागंल जरा."

रस्त्यानं ट्रक जात होते. एकानं थांबून म्हटलं, चला, पुण्यापर्यंत सोडतो. ट्रकच्या केबिनला चढायला तिला जमणार नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मानेनंच नको म्हटलं. ट्रक गेला. रस्त्यालगत एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार चालू होती, त्याच्याकडनं हंडाभर पाणी आणलं. एक सायकलवाला थांबला, त्यानं आपली जादा ट्यूब दिली. ती फाडून पट्टी केली, पाइपला गुंडाळून तारेनं आवळली. इंजिन गार होईपर्यंत बसावं लागलं. तापलेल्यात पाणी ओतता येत नाही, आधीच सांगितलं. ती मागच्या सीटवर आडवी झाली होती. ऊन तिच्या तोंडावर येत होतं म्हणून मी टॉवेल काचेत अडकवला. त्या वेळी मला गाडीला लाथ घालावीशी वाटत होती. घातली नाही, कारण ती आत होती.

थांबत थांबत भोसरीपर्यंत आलो. तिथं रस्त्याच्या कडेला एक मुसलमान मेस्त्री होता, माझ्या कंपनीतल्या दिवसांपासून ओळखीचा. पांढरी दाढी, हात कायम काळे. त्यानं झाकण उघडलं, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं.

"मामा, ये क्या है? दूध डाला क्या?"

"लेथचं तेल हाय."

तो मोठ्यानं हसला. "अरे बापरे! गाडी काय लेथवर टर्निंगला लावायची होती का? मामा, एवढी वर्षं सायबाची गाडी चालवली तुम्ही, आणि..." तेवढ्यात त्यानं मागच्या सीटकडं बघितलं. हसू गेलं. "भाभी बीमार आहेत?"

"शेक घ्यायला चाललोय."

त्यानं हातातलं दुसऱ्याचं काम टाकून आमचं धरलं. काम करता करता म्हणाला, "तेल लोखंडाला चांगलं, मामा. रबराला नाही. चमचाभर घातलं असतं तर चाललं पण असतं. एवढं घातल्यावर रबर फुगणार, सडणार. सगळे पाइप बदलावे लागतील." त्याच्याकडं दोनच पाइप होते, ते बसवले. पाणी काढलं, सोड्यानं धुतलं, साधं भरलं. "तेल एका वेळी निघत नाही. आतल्या भिंतींना चिकटतं. चार दिवस चालवा आणि परत धुवा. तवंग जाईपर्यंत. अर्धवट सोडू नका, नाहीतर हेच परत होईल." तिला त्यानं आपल्या घरातनं लिंबूपाणी आणून दिलं. ती दोन घोट प्यायली.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मशीनच्या खोलीला कुलूप लावत होते. सिस्टर म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर गेला. आता शुक्रवारी या." मी म्हटलं, बाई, गाडी फुटली वाटेत. ती म्हणाली, "मला कळतं. पण डॉक्टर गेले." मी डॉक्टरला शुक्रवारी विचारलं, एक खाडा झाला, काही बिघडलं का? तो म्हणाला, एकानं काही होत नाही. मी परत विचारलं. तो परत तेच म्हणाला. खरं सांगत होता का समजूत घालत होता, ते मला अजून कळलेलं नाही. आता कळून उपयोग नाही.

बुधवारी संध्याकाळी लेथवाला शिफ्टवरनं आला आणि सरळ आमच्या दारात. त्याला भोसरीतच कळलं होतं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्यानं ऐकून घेतलं. मान खाली. ती आतनं म्हणाली, "अवं, पुरं करा." मग त्याला म्हणाली, "ये रं आत. आता एक कर. मला तुझ्या लेथवरच घेऊन जा. तिथं तरी तेल किती घालायचं ते तुमास्नी बरूबर कळतंय."

तो रडायला लागला. एवढा बाप्या. ती म्हणाली, "आता रडतोस कशाला? मी काय मेली न्हाई अजून."

म्हणून तो रविवार. मेस्त्रीनं सांगितलेलं परत धुणं. लेथवाला उरलेले पाइप घेऊन आला, त्यानंच बसवले, आणि त्याला मी परत काही बोललो नाही. पाणी आम्ही दोघांनी बदललं. पावसाचं पाणी आम्ही पिंपात धरून ठेवलेलं असायचं, पाऊस ओसरायला लागला की शेवटी शेवटी धरलेलं. सुरुवातीच्या पाण्यात पत्र्याची घाण येते. त्या पाण्यात खार नसतो. गाळायला तिच्या जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं. तिचाच नियम तो. प्यायच्या पाण्याला एकपदरी, गाडीच्या पाण्याला दुपदरी. लोक हसायचे. ती म्हणायची, "मानूस आजारी पडलं तर बोलून दाखवतं. गाडी बोलत न्हाई." हे म्हणणारी स्वतः मात्र कधी बोलली नाही.

दुपारी तिनं दोन घास खाल्ले आणि आडवी झाली. मी गाडीखालचा चिखल धुवून काढत होतो. तिनं हाक मारली. गेलो तर अंथरूण भिजलेलं. एवढं रक्त मी आधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, चल, पुण्याला. ती म्हणाली, "आज रइवार हाय. मशीन बंद असतंय."

"मशीन मरू दे. डॉक्टर असतोय."

मी गाडी दाराशी आणली. चालूच ठेवली. लेथवाल्याला हाक मारली, तो आणि त्याची बायको पळत आले. आम्ही तिला उचलायला गेलो तर ती म्हणाली, "थांबा. जरा थांबा. मला पडू द्या." लेथवाल्याच्या बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पायाशी बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आढ्याकडं बघत होती.  लोक सांगतात, शेवटी माणूस काहीतरी सांगून जातं. हिनं काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं लेथवाल्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

बाहेर गाडी चालूच होती. घरात तो आवाज येत होता. किती वेळ चालू होती कुणास ठाऊक. लेथवाला उठून गेला, किल्ली फिरवली, परत आला आणि मला म्हणाला, "काका, काटा मदीच हाय." त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण मी मान हलवली.

तिचा भाऊ आला, गावातले आले. अंधार पडायच्या आत उरकलं. अग्नी मीच दिला. घरी आल्यावर बायका रडत होत्या, पुरुष अंगणात बसले होते. तिचा भाऊ पत्र्याखालच्या गाडीकडं बघत म्हणाला, "दाजी, गाडीचं पानी बदलता येतंय, मानसाचं बदलता येत न्हाई." चारजणांनी माना हलवल्या. मला असली वाक्यं सोसत नाहीत. मी म्हटलं, "भाऊसाहेब, ती गाडी न्हवती." 

सकाळी मी उठलो. सोमवार होता. तोंड धुतलं. काल नेसलेलं धोतरच अंगावर होतं. खुंटीवरनं किल्ली घेतली. तिचा भाऊ ओसरीवर झोपला होता, तो उठून बसला.

"कुठं निघालासा?"

"पुण्याला."

"दाजी, सुतक हाय. अग्नी देनारा मानूस घराबाहेर पडत न्हाई. उद्या सावडायचं हाय."

"उद्या हाय की मी. आज तिचा नंबर हाय."

"आता कसला नंबर?"

"म्हनूनच सांगून येतो. ती सिस्टर थोडी वाट बघती आन् मग फुडच्याला बोलावती. तेवढा येळ मशीन रिकामं ऱ्हातं. भायेर लोक बसलेलं असत्यात."

 त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणाला, "कुनाला तरी धाडू. फोन करू पोस्टातनं." मी गाडीकडं गेलो. फाटकाशी लेथवाला सायकल धरून उभा होता, डबा लावलेला. म्हणाला, "काका, मी येतो. शिफ्ट बुडवतो." मी म्हटलं, "नको. तू जा." तो गेला नाही, पण फाटक उघडून धरलं.

मी एकटा गेलो. मागं बघितलं नाही. आरसा होता, त्यातही बघितलं नाही. मोशी आली, भोसरी आली. मेस्त्री दुकान उघडत होता, त्यानं हात वर केला, मीही केला. दवाखान्यात गाडी लावली आणि आत गेलो. सिस्टर टेबलाशी बसली होती. मला बघून तिनं माझ्या पाठीमागं बघितलं, दाराकडं.

"आजीबाई?"

"काल गेली. नंबर दुसऱ्याला द्या."

ती उठून उभी राहिली.  मग म्हणाली, "बाबा, एवढ्यासाठी तुम्ही...? बसा जरा." तिनं मला पाणी दिलं. मी बाकावर बसून प्यायलो. मग तिनं बाकावरच्या कुणाला तरी हाक मारली. एक बाई उठली, तिच्याबरोबरचा माणूस तिला दंडाला धरून आत घेऊन गेला. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं.

मला उठून निघायचं होतं. पण आमच्या वेळी तिला आत नेलं की मी त्याच बाकावर बसायचो, ती बाहेर येईपर्यंत. तेवढा वेळ बसायची अंगाला सवय लागली होती. मी बसून राहिलो. दार उघडलं, ती बाई बाहेर आली, तो माणूस उठला आणि तिला घेऊन गेला. मग मीही उठलो आणि घरी गेलो.